सहाव्या बकरीच्या पेशी

त्या सोमवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि नायट्रोजनच्या कंटेनरच्या गळ्याभोवती पांढरं बर्फ जमलेलं दिसलं. मे महिना होता. खामगावात सकाळी नऊलाच पत्रे तापलेले असतात, आणि त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यावर मात्र हिवाळा उतरला होता. बर्फ दिसायला सुंदर होतं. पण बर्फ बाहेर दिसलं म्हणजे आतली थंडी बाहेर पळते आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे गुरांच्या एका खाजगी दवाखान्यामागच्या दोन खोल्या. दवाखाना आमच्या सरांचा. गुरांची हाडं आणि सांधे हा त्यांचा ध्यास. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये जी गुळगुळीत पांढरी गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. ती एकदा झिजली की सहसा परत भरून येत नाही. सरांनी सहा बकऱ्यांच्या गुडघ्यातून कूर्चेचे तांदळाएवढे तुकडे काढले होते. त्यातल्या पेशी मी बाटल्यांमध्ये वाढवल्या, प्रत्येकीच्या तीन नळ्या भरल्या आणि गोठवून ठेवल्या. पावसाळ्यानंतर ज्या बकरीच्या पेशी, तिच्याच गुडघ्यात परत घालून गादी भरून येते का ते पाहायचं होतं.

गोठवणं हे फार सबुरीचं काम. एकदम थंड केलं तर पेशीच्या आत पाण्याचे काटे होतात आणि ती आतून फाटते. म्हणून एक औषध घालून मिनिटाला एक अंश अशा बेताने उतरवायचं, आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. तिथे त्या वर्षानुवर्षं राहतात, मेलेल्या नाहीत आणि जगतही नाहीत. ते राहणं कशावर अवलंबून, तर एका भांड्याच्या दोन पत्र्यांमधल्या, हवा काढलेल्या पोकळीवर. आमच्या भांड्याच्या त्या पोकळीत हवा शिरली होती.

मी लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर काढली. पट्टीवर पांढरी रेघ उमटली ती तळापासून जेमतेम दोन बोटं. शुक्रवारी ती वीतभर होती. नायट्रोजनची गाडी आठवड्यानंतर येणार होती. सर नागपूरला होते, त्यांचा फोन लागेना.

मला जळगाव जामोदचे काका आठवले. साठीचे गृहस्थ, गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करतात. वळूचं वीर्य कांड्यांत भरून असंच नायट्रोजनमध्ये ठेवावं लागतं, म्हणून त्यांच्या घरी एक मोठा कंटेनर असतो आणि मोटारसायकलला बांधायला एक लहान. मी फोन केला. सगळं ऐकून घ्यायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, बर्फ बाहेरून हाय का?"

"हो."

"मंग ते भांडं गेलं. संध्याकाळपर्यंत कोरडं होते. तुम्ही तिकून निंगा, मी इकून लहान कंटेनर भरून निंगतो. पूर्णेच्या पुलापाशी भेटू. आन् झाकण उघडून पाहत बसू नका."

नवरा त्या वेळी वांग्याचे क्रेट मंडईत उतरवून पिकअप घेऊन परत येत होता. मी त्याला तसंच बोलावून घेतलं. कंटेनर पाहून तो म्हणाला, "समोर ठेवू, केबिनमंदी. मागं ऊन हाय."

"केबिनमध्ये नको. नायट्रोजन भरला तर आपल्याला श्वासाला हवा उरायची नाही. मी मागे बसते, धरून."

त्याने ओली पोती मागे टाकली.

नांदुऱ्यापर्यंतचा रस्ता बरा होता. पुढे मात्र प्रत्येक खड्ड्याला भांड्याच्या आत पाणी हेलकावल्यासारखा आवाज यायचा आणि झाकणाच्या कडेने पांढरा धूर निघायचा. तो धूर म्हणजेच माझा उरलेला वेळ होता. मी दोन्ही गुडघ्यांमध्ये भांडं आवळून, डोक्यावर ओढणी घेऊन बसले होते. मध्येच केबिनच्या खिडकीवर थाप मारून मी ओरडले, "हळू चालवा ना!"

तो बाहेर तोंड काढून म्हणाला, "हळू चालवू का लौकर पोचू, एक काय ते सांग!"

मी भांडं आणखी घट्ट धरलं.

पुलाच्या अलीकडे कडुनिंबाखाली काका उभे होते. त्यांनी माझ्या भांड्याच्या अंगावरून तळहात फिरवला आणि मान हलवली. मग अडचण समोर आली. माझ्या भांड्यातला डबा मोठा, त्यांच्या कंटेनरचं तोंड लहान. डबा तसाच उचलून ठेवता येणार नव्हता. नळ्या अडकवलेल्या सहा दांड्या चिमट्याने एकेक करून हलवाव्या लागणार होत्या, उघड्यावर, मे महिन्याच्या झळीत.

"तुमच्या कांड्या?" मी विचारलं.

"त्या घरच्या कंटेनरात ठेवून आलो. हे रिकामं हाय तुमच्यासाठी. चला, वरून सुरू करा."

मी डबा ओढला.

"वर नका काढू!" ते ओरडले. "गळ्याच्या खालीच राहू द्या. चिमटा आत घाला. बाहेर निंगालं का दहा मोजायच्या आत इकडे बुडलं पाह्यजे."

डब्यात दोन मजले होते. खाली पहिल्या चार बकऱ्यांच्या दांड्या, वर पाचवीची, आणि सहावीची दांडी जागा कमी पडली म्हणून सगळ्यात वर, नायट्रोजनपासून सगळ्यात लांब टेकवलेली. ती मीच तशी ठेवली होती. सहावीची हलवली. पाचवीची हलवली. काका मोठ्याने आकडे मोजत होते. तिसरीची दांडी चिमट्यातून निसटली आणि पिकअपच्या फळीवर पडली. मी चिमटा घेऊन वाकले, पण काकांनी ती उघड्या बोटांनी उचलली आणि कंटेनरमध्ये सोडली. नायट्रोजन उकळल्यासारखा फसफसला.

"काका, हातमोजे होते ना इथे!"

"मोजे घालेपर्यंत काय राह्यलं असतं?" त्यांच्या दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. नवऱ्याने कॅनमधलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. ते दात आवळून म्हणाले, "मोजा ताई. किती राह्यल्या?"

तीन राहिल्या होत्या. त्याही लहान कंटेनरमध्ये गेल्या. झाकण लागलं.

त्यांनी तो लहान कंटेनर मलाच दिला. "नवीन भांडं येईपर्यंत ठेवा. मी घरून काम चालवतो," म्हणाले. गायी त्यांच्या दारात येत नाहीत, त्यांनाच गावोगाव जावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. प्रत्येक बकरीची एकेक नळी आम्ही कोमट पाण्यात वितळवली. पेशींत निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असतं. जिवंत पेशी रंगाला आत शिरू देत नाही, चकचकीत थेंबासारखी दिसते. मेलेली निळी होते.

पहिल्या चार बकऱ्यांच्या पेशी चमकत होत्या. पाचवीच्या निम्म्याशिम्म्या. सहावीची काच लावली आणि सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग बाजूला सरकले. मी पाहिलं. निळंच निळं होतं.

सरांनी नोंदवही ओढली. "शुक्रवारी भांड्याचा गळा कोरडा होता?"

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ठीक. शुक्रवारी गळा ओलसर होता, पोकळीत हवा शिरल्याची ती पहिली खूण. मला तो दिसला होता. मी फडक्याने पुसला, कूलरची ओल असेल असं मनाशी म्हटलं, आणि पुढे सुट्टी होती म्हणून घाईत लिहून मोकळी झाले. सरांना हे कधीच कळलं नसतं.

"ओला होता," मी म्हणाले. "मी पुसला आणि ठीक लिहिलं."

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, परत घातला. "तिच्या गुडघ्यातून तुकडा आपण काढलाय," ते म्हणाले. "परत काढता येणार नाही. तो सांधा किती वेळा उघडणार?" मग पेन माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "त्याच ओळीखाली खरं काय ते लिहा. सही करा." मी लिहिलं.

सहावीच्या दोन नळ्या उरल्या होत्या. त्या वितळवून मी बाटलीत पसरवल्या. तिसऱ्या दिवशी तळाला मोजक्या पेशी चिकटलेल्या दिसल्या आणि मी एकटीच हसले. रोज सकाळी आधी तिची बाटली पाहायची. इतर पेशी तीन आठवड्यांत वाढतात, तिच्या वाढायला दोन महिने गेले. आणि वाढल्या त्या गोल राहिल्या नाहीत, दोऱ्यासारख्या लांबट झाल्या. तशा पेशी जखमेचा वण बनवतात, कूर्चा नाही. सरांनी पाहून बाटली टेबलावर ठेवली. "पाचच करू," म्हणाले.

मधल्या काळात नवीन भांडं आलं. काकांचा कंटेनर काठोकाठ भरून मी जळगाव जामोदला परत द्यायला गेले. त्यांच्या बोटांची कातडी निघून नवी गुलाबी आली होती. "टोकाले अजून काई समजत नाई," बोट चोळत ते म्हणाले. मग विचारलं, "जित्या हायेत ना सगळ्या?"

"एक गेली, काका."

"मी उचलली ते?"

"नाही. तुम्ही उचलली ती चांगली आहे. गेली ती माझ्या हाताने गेली." आणि शुक्रवारचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. समजूत घातली नाही. "चाय घ्या," म्हणाले.

पावसाळ्यानंतर पाच बकऱ्यांच्या गुडघ्यांत त्यांच्या पेशी गेल्या. पाचवीला थोड्या कमी पडल्या, पण गेल्या. चार महिन्यांनी त्या पाचही जणी बाभळीच्या शेंगांसाठी मागच्या पायांवर उभ्या राहायला लागल्या. सर त्यांचे फोटो काढत होते आणि मी तारखा टिपत होते.

सहावी चालते. चरते, पळतेही. फक्त बसल्यावर उठताना तिचा मागचा डावा पाय जरा उशिरा टेकतो. पाहुणे आले तर त्यांना ते दिसत नाही.