कातरणीच्या शेडमधून आलेला विद्यार्थी

लायल ब्रॅकन पहिल्यांदा माझ्या ग्रंथालयात आला तेव्हा मला वाटलं, एसी दुरुस्त करणारा माणूस आला. उंचापुरा, पन्नाशीला टेकलेला, उन्हाने रापलेले हात, आणि कंबरेत असा काही वाकलेला की जणू खाली पडलेलं काही उचलायला निघालाय. मी म्हटलं, "मशीन छतावर आहे. मागच्या जिन्याने जा."

तो म्हणाला, "जाईन की. पण मला मशीनमधलं काही कळत नाही. मी विद्यार्थी आहे."

मी त्याला ओळखपत्र करून दिलं आणि आम्ही दोघंही हसलो. कुराबिलमध्ये, आमच्या या आडगावात, माझा जन्म गेला, पण या ब्रॅकनशी तोवर कधी बोलणं झालं नव्हतं. तो मेंढ्यांची लोकर कातरणारा. वर्षातले आठ-नऊ महिने कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर या शेडमधून त्या शेडमध्ये. गावात दिसायचा तो फक्त त्याची बायको मार्नी चालवते त्या शाळेच्या बसशेजारी उभा असलेला.

आमचं विद्यापीठ एका जागी बसलेलं नाही. डनमोरला शेतीशास्त्र आणि जनावरांचे डॉक्टर, वॉलनबीला शिक्षक आणि मनोविकारांचं शिक्षण, नदीच्या खालच्या अंगाला द्राक्षं आणि वाइन, आणि आमच्याकडे नर्सिंग. एका गावातून दुसऱ्या गावात जायला अर्धा दिवस मोडतो. प्राध्यापक पडद्यावरून शिकवतात, नाहीतर गाडी काढून येतात. पुस्तकंही प्रवास करतात. वॉलनबीचं पुस्तक कुणी मागितलं की दुसऱ्या दिवशीच्या व्हॅनने माझ्या टेबलावर. मेलबर्न-सिडनीचे लोक याला विद्यापीठ म्हणताना जरा अडखळतात. आम्ही अडखळत नाही. हे नव्हतं तेव्हा शिकायला गेलेली पोरं शहरातच राहायची आणि आमच्या दवाखान्यात रात्रपाळीला नर्स मिळायची नाही.

लायलची पाठ गेली म्हणून तो इकडे आला. आयुष्यभर वाकून काम केलेल्या माणसाच्या मणक्यांनी एक दिवस नकार दिला. दवाखान्यात तो आठवडाभर उताणा पडून होता, आणि ज्या नर्सने त्याला पहिल्यांदा उठवून बसवलं तिला त्याने विचारलं, "हे शिकायला काय लागतं?" ती म्हणाली, "शाळेचं दहावी-बारावी नसेल तर आधी विद्यापीठाचा तयारीचा वर्ग करायचा. तुमच्याच गावात आहे."

टोळीतल्या लोकांनी काय केलं ते मार्नीने मला नंतर सांगितलं. हॉटेलात बिअरचे ग्लास घेऊन सगळे बसलेले. टोळीचा मुकादम क्लॅरी डूली, जाडजूड, टकला, तोंडाने कुणाला न सोडणारा. तो म्हणाला, "नर्स होणार? मग ती पांढरी टोपी घालणार का रे डोक्यावर?"

"टोपी तुलाच शोभेल, डूली. निदान टक्कल तरी झाकेल."

"आणि माझा ताप बघायला आलास तर?"

"तुझा ताप मी मेंढीसारखाच बघीन. मागून."

हॉटेल हसलं. पण लायल अर्धा ग्लास तसाच ठेवून उठला, असं मार्नी म्हणाली.

तयारीचा वर्ग त्याने रेटून पार केला. खरी अडचण पहिल्या वर्षी आली. शरीरशास्त्राचं पुस्तक म्हणजे उशीएवढं जाड. तो माझ्याकडे कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, एकच पान उघडं ठेवून. पोरी आजूबाजूला पानं उलटत असायच्या. परीक्षेत तो थोडक्या गुणांनी नापास झाला. पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली, नीट रचून. "झालं माझं," म्हणाला. "आभारी आहे. तू चांगली वागलीस माझ्याशी."

दुसऱ्या दिवशीपासून तो डूलीच्या टोळीत स्वयंपाकी म्हणून गेला. वाकायचं काम नव्हतं ना.

पहिल्या वर्षाला शिकवणारी डॉ. रूडो चिगुंबा ही मूळची झिम्बाब्वेची. तिथे नर्स, मग इंग्लंडात, मग आमच्याकडे. बुटकी, हळू बोलणारी, आणि एकदा मनात घेतलं की मागे न हटणारी बाई. तिने मला विचारलं, "ब्रॅकन कुठे आहे?"

मी म्हटलं, "यारावन फार्मच्या शेडवर. रस्ता कच्चा आहे, रूडो. तुझी छोटी गाडी जायची नाही."

"मग तुझी दे."

माझी गाडी मोठी, म्हणून मीच चालवत नेलं. दोघीजणी पोचलो तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. माणसं लाकडी पायऱ्यांवर बसून लायलने भाजलेला केक खात होती. आत बंद यंत्रांचा आणि लोकरीच्या तेलाचा वास. डूलीने आम्हाला पाहिलं आणि आत हाक मारली, "लायल, तुझ्या मास्तरीणबाई आल्यात. कान धरून उभा राहा."

लायल पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आला आणि लाजून भिंतीला टेकला. रूडो डूलीशेजारी पायरीवर बसली. कुणी न विचारता केकचा तुकडा घेतला, खाल्ला, आणि म्हणाली, "केक फार चांगला आहे. आता मला सांग, प्रयोगाच्या वर्गात तू प्रत्येक उत्तर बरोबर देतोस. तोंडी विचारलं की सगळं येतं. कागदावर काय होतं?"

"कागदावर मी मठ्ठ होतो."

"कोण म्हणालं?"

"शाळेतले सगळे मास्तर."

"अक्षरं हलतात का?"

लायल हातांचं पीठ पुसत राहिला. टोळीतली माणसं केककडे बघत बसली. शेवटी तो म्हणाला, "हलतात. लहानपणापासून. मला वाटायचं सगळ्यांचीच हलतात आणि बाकीचे लोक हुशार म्हणून त्यांना पकडता येतात."

परत येताना तो आमच्याबरोबर नाही आला. टोळीला जेवण कोण देणार, म्हणाला. पण त्या आठवड्याच्या शेवटी तो कॅम्पसवर हजर झाला. मला कळलं की डूलीनेच त्याला काढलं होतं. "तुझं मटण कडक असतं. जा, कॉलेजला जा," असं सांगून.

डनमोरला आमच्या विद्यापीठाची एक बाई आहे, तिचं कामच असं की ज्यांना वाचता येत नाही त्यांची अडचण नेमकी कुठे आहे ते शोधायचं. तिने पडद्यावरून लायलची तपासणी केली. बुद्धीत खोट नव्हती. डोळ्यांतही नव्हती. अक्षरांची ओळख त्याच्या डोक्यात वेगळ्या वाटेने होत होती, इतकंच. हे ऐकून तो ग्रंथालयाच्या मागे जाऊन उभा राहिला. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "माझा बाप मेला तेव्हा त्याला वाटत होतं की मी ढ आहे. त्याला हे सांगायला हवं होतं."

मग पुस्तकं आवाजात उतरवायचं ठरलं. काही तयार मिळाली. जी मिळाली नाहीत ती चारही कॅम्पसच्या माणसांनी वाचून रेकॉर्ड केली. वॉलनबीच्या शिक्षक होणाऱ्या पोरांनी काही धडे वाचले, डनमोरच्या जनावरांच्या डॉक्टरने हाडांचा धडा वाचला आणि मध्येच घोड्याचं हाड कसं वेगळं असतं ते सांगत बसला. मी मूत्रपिंड वाचलं. लायल गाडीत ऐकायचा, कोंबड्यांना दाणे टाकताना ऐकायचा, मार्नीच्या बसमध्ये मागे बसून ऐकायचा. मार्नी मला म्हणाली, "बाई, तुझं मूत्रपिंड आता माझ्या शाळेच्या पोरांनाही पाठ झालंय."

फेरपरीक्षा त्याने दिली, तोंडी उत्तरं देऊन. पास झाला. पुढे तो कधी पहिला-बिहिला आला नाही, पण अडकलाही नाही. शेवटच्या वर्षी त्याला वॉलनबीच्या मनोरुग्ण वॉर्डात पाठवलं. तिथून परत आल्यावर तो म्हणाला की तिथे त्याला निम्मी माणसं ओळखीची वाटली. "नावाने नाही गं. तशी माणसं मी शेडमध्ये आयुष्यभर पाहिलीत. काही बोलत नाहीत, आणि एक दिवस कामावर येत नाहीत." त्याने तेच काम धरायचं ठरवलं.

आमच्या पदव्या गावोगाव दिल्या जातात. कुराबिलचा समारंभ जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या मांडवात होतो, जिथे एरवी लोकरीचे नमुने मांडतात. कुलगुरू आदल्या दिवशी डनमोरला, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे. लायलचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत इस्त्रीचे शर्ट घातलेली अख्खी टोळी बसली होती. डूली टाळ्या वाजवत नव्हता. तो नाक शिंकरत होता.

त्यानंतर लायल जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात लागला. त्याचा दवाखाना म्हणजे त्याची गाडी. शेडवर जायचं, फार्मवर जायचं, कुंपण दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून तार धरायची, आणि बोलणं निघालं तर निघू द्यायचं. दवाखान्याची पायरी जन्मात न चढलेली माणसं त्याच्याशी बोलू लागली.

मग डूलीची बायको बेरिल गेली. आजारपण लांबलं होतं. क्रियाकर्म झालं, डूली पुन्हा टोळी घेऊन निघाला, आणि मग निघेनासा झाला. फोन उचलेना. लायल त्याच्या घरी गेला. ही गोष्ट मी डूलीच्याच तोंडून ऐकली आहे, म्हणून सांगते.

डूली मागच्या अंगणात खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "नर्स म्हणून आलास की लायल म्हणून?"

"तुला कोण हवंय?"

"चहा करणारा कुणीतरी."

लायलने चहा केला. सिंकमधली भांडी घासली. बेरिलच्या कुंड्यांना पाणी घातलं. मग बसला. सकाळ गेली, सावली फिरली. डूली म्हणाला, "तू काही विचारत नाहीस."

"विचारतो. डूली, जीव द्यावा असं मनात येतं का?"

डूली सांगतो, की असा सरळ प्रश्न त्याला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. लोक बेरिल किती चांगली होती ते सांगायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तो म्हणाला, "येतं. रोज."

"बरं झालं सांगितलंस," लायल म्हणाला. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. "आता आपण दोघं मिळून काय करायचं ते बघू. बंदुकीच्या कपाटाची किल्ली आज माझ्याकडे दे. दुपारी डॉक्टरकडे जाऊ, मी तुझ्याबरोबर आत येणार. आणि आज तू आमच्याकडे झोपणार. मार्नीने मटण केलंय, माझ्यासारखं कडक नसतं."

डूलीने किल्ली दिली. त्याला सावरायला वर्ष गेलं. गोळ्या, वॉलनबीच्या समुपदेशक बाईशी पडद्यावर बोलणं, लायलच्या फेऱ्या. मधे एकदा तो पुन्हा खाली घसरला आणि त्याने स्वतःच फोन केला. रविवार होता, लायल चर्चमधून तसाच कोटावर गेला.

रूडो निवृत्त झाली तेव्हा ती घ्यायची तो बुधवारचा मनोआरोग्याचा वर्ग कुणी घ्यायचा हा प्रश्न आला. तिने लायलचं नाव सुचवलं. तो मला म्हणाला, "मी फळ्यावर लिहिलं तर पोरं हसतील." मी म्हटलं, "मग लिहू नकोस." आता तो खुर्ची ओढून बसतो आणि बोलतो. त्याचा वर्ग चारही कॅम्पसवर एकाच वेळी दिसतो, पण गर्दी आमच्या खोलीत होते. जनावरांचे डॉक्टर होणारी पोरंही डनमोरहून नाव नोंदवतात. फार्मवर आपणच पहिले पोचतो, मालक गाय दाखवतो आणि स्वतःबद्दल बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वर्षातून एकदा तो डूलीला घेऊन येतो. डूली विद्यार्थ्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसतो. मागच्या खेपेला वॉलनबीच्या पडद्यावरून एका मुलीने विचारलं, "लायल तुमचा मित्र होता. आम्ही कुणाचे मित्र नसणार. मग माणूस आम्हाला का सांगेल?"

डूलीने विचार केला. म्हणाला, "पोरी, मित्र मला खूप होते. त्यांनी विचारलं नाही. तू विचार. आणि विचारल्यावर उठून जाऊ नकोस."

लायलने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पुढच्या कॅम्पसला विचारलं, तुमच्याकडे कुणाला काही विचारायचं आहे का.