अण्णांच्या वहीतले राउटर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी बेंगळुरातल्या इंदिरानगरच्या आमच्या कंपनीत साहेब नावाचा एक प्राणी होता. पुण्याहून आलेला, कडक इस्त्रीचा, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. राउटरला त्याने जन्मात हात लावला नसेल. शहरभरच्या गिऱ्हाइकांकडचे राउटर आमचे अण्णा एकेक करून, हाताने सेटिंग टाइप करून लावायचे. अण्णा जयनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले मराठी. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तेवढी नोकरी टिकावी, एवढंच त्यांचं मागणं.

साहेबाने मला फर्मावलं, "असा प्रोग्राम लिही की एक बटण दाबलं की सगळे राउटर तयार. मग म्हाताऱ्याला घरी बसवू." मी लिहिला. शाबासकीची हाव, दुसरं काय!

"आधी एकावर चालवून बघू," मी म्हटलं. "भित्रा आहेस," म्हणत त्या दीडशहाण्याने तो सगळ्यांवर एकदम सोडला. प्रोग्रामने राउटरांचे नेटवर्कवरचे पत्ते बदलले आणि ज्या लाइनीवरून आम्ही आत शिरलो होतो, तीच तुटली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! आता प्रत्येक राउटरपाशी जाऊन केबल जोडण्याखेरीज इलाज नव्हता.

गेलं कोण? अण्णाच. "स्वल्प थांब रे, होतंय," म्हणत रिक्षाने यशवंतपूरपासून सुरुवात केली, काखेत वही. तिच्यात प्रत्येक ठिकाणची खोड लिहिलेली, कुठली लाइन कशी जोडलीय, कुठे कुठला आकडा वेगळा. दोन दिवसांत सगळं सुरू झालं. साहेबाने वर कळवलं, प्रोग्राम यशस्वी. निर्लज्जम् सदा सुखी!

मग त्याने मला ती वही आणायला पिटाळलं. अण्णांनी "सरी, घे" म्हणत दिली. त्यांचं अक्षर मला लागेना, तर शेजारी बसून पान न् पान वाचून दाखवलं. मी ते प्रोग्रामात टाइप करत गेलो. या खेपेला प्रोग्राम एकदाही अडखळला नाही.

महिनाअखेरीस अण्णांना घरी बसवलं. त्या साहेबाला मी आजही शिव्या घालतो. पण वही कशाला हवी, असं अण्णांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "तुमचाच त्रास वाचेल, अण्णा."