टक्क झाल्यावर

पैलवानाच्या हातांतला जोर गेला, ही कुजबुज सुरू झाली पॅकिंग खात्यातून. तिथल्या बायकांना बातमी मिळायचा अवकाश, ती खोक्यांच्या आधी फाटकापर्यंत पोचायची. कोणी म्हणालं, झटका येऊन गेला, लपवतोय. कोणी म्हणालं, बायकोनं काहीतरी पाजलं. आणि पुरावा तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर: बोल्ट आवळून होतो न होतो तोच हा गडी दोन्ही हात पाठीमागे नेतो!

पैलवान म्हणजे पंप जोडणारा फिटर. कुस्ती जन्मात खेळला नव्हता. नाव पडलं ते पान्याला पाइप लावून लोंबकळण्यामुळं. जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं, हा त्याचा हिशेब. घरी त्यानं बरणीचं झाकण लावलं की सासूबाई जावई परत येईपर्यंत बरणीकडे नुसत्या बघत बसायच्या.

भोक पाडतानाही तोच हट्ट. आठ मिलिमीटरच्या बोल्टासाठी स्टोअर सांभाळणारा मेहुणा सहा पॉइंट आठचं ड्रिल काढून द्यायचा, आणि हा मागायचा साडेसहाचं.

"भोक लहान, तर आटे खोल. आटे खोल, तर पकड घट्ट. कळतं का काही तुला?"

"दाजी, दोन आट्यांमधलं अंतर सव्वा. आठातून ते वजा करा, पावणेसात उरतात. म्हणून सहा पॉइंट आठ. साडेसहाच्या भोकात आटे पाडणारा टॅप श्वास कुठून घेणार?"

टॅपनं श्वास घेतलाच नाही. आटे पाडता पाडता भोकातच मोडून बसला. त्यात दुसऱ्या दिवशी पैलवानाच्या हिसक्यानं एका ॲल्युमिनियमच्या पंपाचे आटेच गेले.

मालकीणबाई टेबलापाशी आल्या. "पैलवान, आणखी एक पंप वाया गेला तर हे टेबल दुसऱ्याला देईन. तुम्ही पॅकिंगमध्ये खोकी उचला. जोर तिथं तरी सत्कारणी लागेल."

पॅकिंगमध्ये! त्या बायकांच्या तावडीत! पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं.

मेहुण्यानं टॉर्क रेंच आणला, वीसवर लावला. "एवढा जोर झाला की टक्क वाजेल. वाजलं की सोडायचं."

टक्क वाजलं. पैलवान बोल्टाकडे बघत राहिला. काही केल्या मन मानेना. मग दिला आपला एक हिसका, नुसत्या समाधानासाठी. बोल्ट गरगर फिरायला लागला.

"दाजी, टक्क ऐकू आलं ना?"

"आलं की."

"मग परत का ओढलंत?"

"ऐकलं रे, पण पटलं नाही!"

नशीब, तो पंप भंगारातला होता. मेहुणा आपल्या दाजींना पुरता ओळखून होता.

घरी बायको पोट धरून हसली. मग सगळ्या बरण्या पुढ्यात मांडल्या. "लावा झाकणं. लागलं की हात मागे. मागे म्हटलं ना!" सासूबाईंनी त्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं बरणी उघडली आणि झाकणाकडे संशयानं पाहिलं.

पुढचा पंप खराखुरा. मालकीणबाई शेजारीच उभ्या. सहा पॉइंट आठचं भोक, सरळ पडलेले आटे, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं. टक्क. बोटं शिवशिवली. हात मागे. पुन्हा टक्क, पुन्हा हात मागे. पंप चाचणीच्या पाण्यावर चढवला, तर थेंबभरही गळती नाही. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "बसा तुमच्या टेबलावर."

पैलवानाच्या हातांना काही झालं नव्हतं. टक्क झाल्यावर पुन्हा ओढू नये, म्हणून तो ते पाठीमागे धरत होता.