किती माणसं बसणार?

एलिहिओकडे टायर घ्यायला गेलं की तो आधी गाडीकडे बघत नाही, तुमच्या पोटाकडे बघतो. मग विचारतो, "किती माणसं बसणार?"

"टायर हवाय, एलिहिओ. वरात नाही काढायची." आमच्या एस्पान्योला गावची पोरं त्याची अशी टिंगल करत म्हातारी झाली. तो हसत नाही. उत्तर मिळेपर्यंत पाना हातात धरून उभा राहतो.

आमच्या गावात रविवारी देवळातून सुटलेला माणूस घरी जात नाही. जुनी लांबरुंद इम्पाला गाडी काढतो, तिचं पोट रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवतो आणि गाभण म्हशीच्या चालीनं गावातून फिरवतो. अशा गाडीला टायर त्या काळचाच लागतो, पाच-वीस. रुंदीला पाच इंचांहून जरासा जास्त, कडेला करंगळीएवढा पांढरा पट्टा. मुळात तो चिमुकल्या गाड्यांचा टायर. पण रुंद रिमवर ताणून चढवला की एवढं धूड नाजूक पावलांवर उभं राहिल्यासारखं दिसतं, म्हणून सत्तरच्या सुमाराच्या पोरांनी तो उचलला. आज कुणी त्या काळची गाडी उभी केली आणि दुसरा टायर घातला, तर जुन्या गाड्यांच्या क्लबातली माणसं मयताला आल्यासारखी तोंडं करून भोवती फिरतात.

एलिहिओच्या दुकानात पाच-वीस मिळतो. पण गाडी खाली-वर करणारे पंप आणि बॅटऱ्या डिकीत भरलेल्या गाडीला तो देत नाही; एवढं वजन त्या टायरला झेपत नाही, म्हणतो.

फ्लाविओची त्रेसष्टची इम्पाला तशीच होती, पाच-वीसवर. आम्ही एकोणीस-वीसचे होतो, वर डोंगरात ट्रुचास गावी नाचाला निघालो होतो. पेट्रोल पंपावर एलिहिओ भेटला. तेव्हा त्याचं अंग आडवं-तिडवं होतं.

"जागा नाही रे जाड्या," फ्लाविओ म्हणाला.

"होते. पोट आत घेतो."

तो मागे उजवीकडे बसला, माझ्या शेजारी. वरच्या वळणावर त्याच्याच खालचा टायर फुटला. गाडी झाडांत अडकली, फ्लाविओ मात्र बाहेर, खाली दगडांत गेला. माझं कंबरडं मोडलं. पुढे बसलेल्याचा हात गेला. एलिहिओला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या गाडीत बसलेला नाही. स्वतःच्या ट्रकमध्येही एकटाच असतो.

ती इम्पाला फ्लाविओच्या आईनं, गाव जिला मानानं दोन्या म्हणायचं त्या एल्फिदानं, कोंबड्यांच्या खुराड्यामागं झाकून ठेवली होती. नव्वदीला आली तेव्हा तिनं धाकट्याला, ओनेसिमोला सांगितलं, "मला फ्लाविओच्या गाडीतून त्याच्या कबरीवर ने. सगळे मिळून जाऊ."

ओनेसिमोनं दोन वर्षं खपून गाडी पूर्वीसारखी केली. तोच जांभळा रंग, तीच गादी, तेच पंप. टायरसाठी तो एलिहिओकडे आला तेव्हा मी तिथं बाकावर बसलो होतो.

"किती माणसं?"

"आई, मी, बायको, दोघी पोरी."

"मग आजकालचा मजबूत रेडियल घे. पांढरा पट्टा मी करून देतो. लांबून कळणार नाही."

"मला कळेल."

"पंप, बॅटऱ्या तरी काढ."

"मग ती फ्लाविओची गाडी राहील का?"

"फ्लाविओ कुठं राहिला?" एलिहिओ म्हणाला.

ओनेसिमो तसाच निघून गेला. टायर त्यानं आल्बुकर्की शहरातून आणले. नवेकोरे, जुन्याच साच्यातले पाच-वीस.

फ्लाविओच्या पुण्यतिथीला सकाळी गाडी देवळापुढे आली. ऑक्टोबर होता, हवेत मिरच्या भाजल्याचा ठसका होता. लोक गाडीवरून हात फिरवून डोळे पुसत होते. दोन्या एल्फिदा मागे उजवीकडे बसली, नाती तिला चिकटल्या. मागचा भाग खाली गेला. टायरच्या कडा फुगल्या, ते मीही पाहिलं.

एलिहिओ गर्दीतून आला, मागच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला आणि व्हॉल्व्हची पिन काढून घेतली. मग पलीकडे जाऊन डाव्याचीही. हवा फुसफुसत गेली, गाडी रिमवर बसली. ओनेसिमोनं त्याची गचांडी धरली. एलिहिओनं हात वर केला नाही.

"सोड त्याला," आतून म्हातारी म्हणाली. "एलिहिओ, इकडे ये. त्या दिवशी असाच आवाज आला होता?"

"नाही, दोन्या. त्या दिवशी एकदम फुटला."

"तू कुठं बसला होतास?"

"तुम्ही बसलाय तिथं."

म्हातारी गादीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं नातींना खाली उतरवलं, स्वतः मात्र उतरेना. दुपारपर्यंत त्या बसलेल्या गाडीतच बसून राहिली. कबरीवर त्या वर्षी कुणी गेलंच नाही.

जानेवारीत ती गेली. एलिहिओमुळे म्हातारीची शेवटची इच्छा राहिली, असं गाव म्हणतं. क्लबातली एकही गाडी आता त्याच्या दारात येत नाही.

मयताच्या सकाळी मी दुकानातल्या बाकावर असताना ओनेसिमोचा पिकअप पुढे थांबला. मागे शवपेटी, वर घोंगडी. घरचे बाकीचे दुसऱ्या गाड्यांनी पुढे गेले होते. ओनेसिमो खाली उतरला नाही, काच तेवढी उतरवली.

"हवा बघ."

एलिहिओनं चारही टायर तपासले. बर्फ होतं, त्यानं गुडघे टेकून तपासले. मग खिडकीशी आला.

"किती माणसं?"

"मी आणि ती." ओनेसिमो समोर बघत होता. "शेजारी एक जागा आहे."

एलिहिओ हात पुसत राहिला. आता त्याचं अंग पार उतरलंय, कोट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतो.

"नको," तो म्हणाला. "वजन वाढेल."