मांडवावरची सुकेळी

क्लेमेंटीनला घराबाहेर काढणं म्हणजे डोंगराला ऊठ म्हणण्यासारखं. कारण विचारलं की एकच उत्तर, "मांडवावर सुकेळी आहेत."

आता सुकेळी म्हणजे काही सोनं नव्हे. पिकलेली राजेळी केळी सोलायची, मांडवावरच्या गवतावर पसरून सात-आठ दिवस उन्हात वाळवायची, झालं. पण मधेच पावसाची सर आली की सगळ्यांवर बुरशी. लग्नाच्या पहिल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात ती जरा रेंगाळली आणि इकडे मांडव भिजला. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. तेव्हापासून आभाळ काळवंडलं की ही बया भरल्या ताटावरून उठून घरी पळायची. उमेळ्यातल्या त्यांच्या केळीच्या वाडीच्या जागी इमारती आल्या, सासूबाई गेल्या, राजेळीची पंधरा झाडं उरली, तरी पळणं काही सुटलं नाही.

नवरा, अॅन्सेल्म, दरवर्षी म्हणायचा, "अर्नाळ्याला जाऊ, दिवसभर वाळूत चालू." ती म्हणायची, "ही खेप वाळू दे, मग बघू." चाळीस वर्षं खेपा वाळत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं झालं. त्याला उठवून, भरवून, धुऊन ती इतकी दमायची की रात्री प्रार्थनेत 'आमेन'च्या आधीच डोळा लागायचा. त्यात डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर निभावणं कठीण. मग मात्र लेक मर्लिन ऐकेना. ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर जावयाने, जॅक्सनने, गाडी दारात आणली.

"मम्मी, मांडव राहू दे. पप्पांना समुद्रात पाय बुडवायचेत," मर्लिन म्हणाली.

सकाळी लख्ख ऊन होतं. अर्नाळ्याला सुरूच्या झाडांखाली ते डबा खाऊन उठतात न उठतात तोच दक्षिणेकडून, उमेळ्याच्या अंगाने, ढग चढला. क्लेमेंटीन डबे भरू लागली.

"जॅक्सन, गाडी काढ बाबा. तासात पोचलो तर वाचतील."

जॅक्सनने मुकाट खिशातून किल्ली काढली. अॅन्सेल्म घरून आणलेल्या खुर्चीतून पाण्याकडे बघत होता. मग डाव्या हाताने त्याने तिचा पदर धरला.

"राऊ दे," तो म्हणाला. "भि-जू दे."

तिने एकदा ढगाकडे पाहिलं. पण तिने डबे खाली ठेवले. लेक-जावयाने खुर्ची उचलून पाण्यापर्यंत नेली. तिने वाकून त्याच्या चपला काढल्या. लाट आली, पाठोपाठ सर आली, आणि चौघं चिंब भिजली. अॅन्सेल्म अर्ध्या तोंडाने हसत होता. पंधरा मिनिटांत पुन्हा ऊन पडलं. इतकीच ती सहल.

घरी आले तर अंगण कोरडं ठणठणीत. सुकेळी उन्हाने गरम होती. उमेळ्यात एक थेंब पडला नव्हता.

क्लेमेंटीन ओल्या साडीत पायरीवर बसली. असं कोरडं अंगण तिने काय कमी वेळा पाहिलं होतं? निम्म्या वेळा ती धावत यायची आणि पाऊस यायचाच नाही. मग पुन्हा कोण जाणार, म्हणून ती केळी उलटत बसायची. तेव्हा त्याचे पाय धड होते.

मग तिने पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्या पायांना चिकटलेली वाळू धुवायला वाकली. त्याने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"राऊ दे," तो म्हणाला.

तिने तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या वाळूभरल्या पायांवर डोकं टेकून ती रडली.