काठी न धरलेला उस्ताद

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दोन कामं उत्तम करतो. एक म्हणजे बसतो, आणि दुसरं म्हणजे बसून वाचतो. गल्लीतले लोक त्याला उस्ताद म्हणतात आणि या शहाण्याला वाटतं की ते कौतुकानं म्हणतात.

त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. आत एक उंच टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, भिंतीला खिळे, खिळ्यांना लोकांचे शर्ट आणि दाराशी एक स्टूल. टेबलामागे माझी बहीण उभी असते आणि स्टुलावर उस्ताद बसलेला असतो. मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा, उजवीकडे पाण्याचा डबा, डाव्या हातात पुस्तक. हात डब्यात बुडवायचा, कपड्यावर पाणी शिंपडायचं, कपडा गुंडाळून बहिणीकडे सरकवायचा आणि हे सगळं पुस्तकावरची नजर न हलवता. एवढ्या कामाला तो ‘आम्ही दोघं मिळून धंदा करतो’ असं म्हणतो. धंदा ती करते. हा शिंपडतो.

बरं, पुस्तकं तरी धड असावीत? तीही नाहीत. पूल खेळणाऱ्यांची पुस्तकं. हिरव्या टेबलावरचे रंगीत गोळे काठीनं ढकलून भोकात पाडणारे लोक असतात ना, त्यांची. कुठल्यातरी लांबच्या मुलखातल्या गोष्टी, कुणीतरी घाईघाईनं भाषांतर केलेल्या, मुखपृष्ठं फाटलेली, रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. एक वाचली की सगळ्या वाचल्या. एक माणूस खटारा गाडीतून गावोगाव फिरतो. काठीचे दोन तुकडे करून पेटीत ठेवलेले. गावातल्या अड्ड्यावर जाऊन आधी मुद्दाम हरतो, समोरच्याला चढवतो आणि मग त्याला पार नागवतो. नंतर मार खातो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. ना बायको, ना घरभाडं, ना कुणाच्या शर्टाचं तुटलेलं बटण. अशी माणसं कुणाला आवडतील? ज्याला घरात काडी हलवायची नसते त्याला.

आणि हा मनात वाचत नाही. मोठ्यानं वाचतो, तोही आवाज बदलून बदलून. म्हातारा खेळाडू आला की घसा बसवतो, गुंड आला की नाकातून बोलतो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी हा म्हणतो, “थांबा, हा एवढा डाव संपू दे.” लोक हसतात. माझी बहीण मान खाली घालून कॉलरवर इस्त्री फिरवत राहते. मला वाटायचं, बिचारीला बोलायची सोय नाही म्हणून सोसते आहे.

रस्त्यावरच्या आयुष्याची एवढी हौस असलेल्या या माणसाला बस लागते, हे इथेच सांगून टाकतो. एकदा आमच्या मावशीकडे निघालो होतो. शहराची वेसही ओलांडली नव्हती आणि उस्ताद खिडकीतून बाहेर लोंबकळत होते. उरलेला रस्ता आमच्या बहिणीनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन काढला. उभ्या आयुष्यात त्यानं कधी खेळायची काठी हातात धरलेली नाही, ते टेबल डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण कोणता गोळा कुठे आपटून कुठे जाईल हे विचारा. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती!

मी एका क्लबात हेड वेटर आहे. पितळी बटणांचा कोट घालून मोठमोठ्या लोकांच्या मागे उभं राहणं हे माझं काम. त्यामुळे माणूस बघितला की त्याची किंमत मला लगेच कळते. उस्तादाची मला लग्नातच कळली होती, पण तेव्हा वडील हयात होते आणि माझं कोण ऐकणार?

यंदा बहिणीचे पाय सुजले. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, “दिवसभर उभं राहणं बंद. नाहीतर जखमा होतील आणि मग कायमच्या बसाल.” घरी आल्यावर मी हे उस्तादाला सांगितलं तर त्यानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि तो तिच्या पायांकडे बघत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. मी मनाशी ठरवलं की आता हे आपल्यालाच करायला हवं. दुकान बंद करायचं, याला कुठेतरी चिकटवायचं आणि हिला बसवायचं.

योगायोगानं क्लबातला जुना मार्कर काम सोडून मुलाकडे राहायला गेला. मार्कर म्हणजे खेळाच्या खोलीत उभं राहून गुण सांगणारा आणि त्याच हिरव्या टेबलांची निगा राखणारा माणूस. मी सेक्रेटरी साहेबांच्या मागे लागलो. “घरचा माणूस आहे, शब्द माझा,” म्हणालो. पहिला महिना परीक्षा बघायची, निभावलं तर कायम करायचं असं ठरलं. बहिणीला सांगितलं, कायम झाला की दुकानाची चावी घरमालकाला द्यायची. ती नुसतं ‘बघू’ म्हणाली. उस्तादानं तर माझे दोन्ही हात धरले. मी सोडवून घेतले.

“एकच अट,” मी म्हणालो. “तिथे त्या पुस्तकांचं नाव काढायचं नाही.”

“नाही काढणार, दादा.”

पहिल्याच दिवशी काढलं. टेबल बघून देवळात आल्यासारखा उभा राहिला. मग सेक्रेटरी साहेब खेळायला आले आणि नेहमीप्रमाणे वाईट खेळले. ते गेली अनेक वर्षं वाईटच खेळतात, हे आम्हा नोकरांना ठाऊक आहे आणि चेहऱ्यावर दाखवायचं नसतं हेही ठाऊक आहे. सोपा गोळा चुकल्यावर उस्ताद त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, “कळलं मला, साहेब. मुद्दाम हरताय. चालू द्या.”

माझ्या हातातला ट्रे पडायचा राहिला. पण साहेब काय झाले म्हणता? खूश! दोन घोट पाणी पिऊन मिशीतल्या मिशीत हसले. उस्तादाच्या पुस्तकांत हरणारा प्रत्येक माणूस मुद्दाम हरतो, त्यामुळे हा सगळ्याच वाईट खेळाडूंना तेच सांगू लागला. आमच्या क्लबात वाईट खेळाडूंना तोटा नाही. थोड्याच दिवसांत उस्ताद लाडका झाला. मूर्खाला मूर्खांनी डोक्यावर घेतलं, दुसरं काय? मी मात्र गप्प राहिलो, कारण बहीण दुपारी थोडी बसू लागली होती. सकाळी एकटीच दुकान उघडायची, थोडेच कपडे घ्यायची आणि लवकर घरी जायची.

महिना सरत आला आणि दुसऱ्या क्लबाशी सामना ठरला. सामन्याच्या दिवशी सकाळी टेबलावरच्या हिरव्या कापडाला, म्हणजे बनातीला, इस्त्री करावी लागते. बनात लोकरीची. तिची लव एका दिशेला बसवली नाही तर गोळा भरकटतो. त्यासाठी मोठी जड इस्त्री वेगळी असते. मी उस्तादाला सगळं नीट समजावलं. इस्त्री कोमट ठेवायची, या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायची, मागे ओढायची नाही, दाबायची नाही. त्यानं मान हलवली. मी जेवणाच्या टेबलांकडे गेलो.

परत आलो तर उस्ताद टेबलाच्या मधोमध इस्त्री धरून उभा होता आणि कडेला पाण्याचा डबा होता.

जन्मभर जे केलं तेच त्यानं केलं होतं. इस्त्री म्हटल्यावर आधी पाणी. निम्म्या बनातीवर हात भरभरून पाणी शिंपडलं होतं आणि वरून इस्त्री फिरवली होती. कापड आखडून कडेपाशी सुटलं होतं, मध्ये फुगे आले होते आणि जिथे थेंब पडले तिथे डाग. त्याच्या शेकडो पुस्तकांत हजारो टेबलं होती, पण त्या टेबलांना इस्त्री कोण करतं आणि कशी, हे एकाही लेखकानं लिहिलेलं नव्हतं. शेवटी हात दाखवून अवलक्षण केलं ते केलंच.

“अहो, पाणी कशाला मारलंत?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होता. “पाण्याशिवाय इस्त्री कशी करायची, दादा?”

सेक्रेटरी साहेब आले, त्यांनी टेबल बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. “हाच का तुमचा घरचा माणूस?” एवढंच म्हणाले. समोरच्या क्लबाला निरोप गेला, सामना पुढे ढकलला. उस्तादानं मार्करचं जाकीट काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि तो मागच्या दारानं गेला. मला त्याची दया आली नाही. दया मला माझ्या बहिणीची आली. एका डबाभर पाण्यात तिचं बसणं वाहून गेलं होतं.

त्या दिवशी मी दुकानाकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं? पण दुसऱ्या दिवशी, कामावर जायच्या आधी, मनाशी पक्कं करून निघालो. दुकान बंद करायला लावायचं आणि तिला सरळ माझ्या घरी आणायचं. उस्तादानं यावं, न यावं. त्याला रस्ता मोकळा होता.

दुकानाच्या दारात लाकडाचा भुसा पडला होता. आत वाकून बघितलं तर टेबल गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर उरलं होतं. चारही पाय करवतीनं कापलेले, एक जरा जास्तच कापला गेल्यामुळे त्याच्याखाली पुठ्ठा सरकवलेला. माझी बहीण खुर्चीत बसली होती. तिचे पाय समोर उलट्या ठेवलेल्या खोक्यावर होते, आणि ती बसल्या बसल्या इस्त्री करत होती. दाराशी स्टुलावर उस्ताद वाचत होता.

मी विचारलं, “हे काय?”

“यांनी कापले,” बहीण म्हणाली. “काल आले ते सुताराची करवतच घेऊन आले.”

उस्ताद पुस्तकातून वर बघत म्हणाला, “एका पुस्तकात एक लंगडा म्हातारा आहे, दादा. त्याला उभं राहून खेळता येत नाही, तर त्याचे दोस्त टेबलाचे पाय कापतात. मग तो बसून सगळ्यांना हरवतो. काल क्लबातून चालत येताना आठवलं.”

“काल आठवलं!” माझा तोल गेला. “इतकी वर्षं ती उभी आहे आणि तुम्हाला काल आठवलं? टेबलाचे पाय कापायला पुस्तक लागतं?”

“आधी सुचलं नाही,” तो म्हणाला. त्याची मान खाली गेली.

“तुला सुचलं होतं, दादा?” बहीण म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं इस्त्री उचलली, बाही उलटली आणि पुन्हा ठेवली. मी म्हणालो, “हे बघ, हे जुगाड किती दिवस पुरणार? हे सगळं आवर आणि माझ्याकडे चल. खोली रिकामी आहे. आरामात बस. तुला कुणी काम सांगणार नाही.”

“आणि बसून ऐकू काय?”

“म्हणजे?”

“हे क्लबात जायला लागल्यापासून मी दुपारी घरी बसत होते ना. पायांना आराम होता. पण घर खायला उठायचं. त्या गाडीवाल्या माणसाला डोंगरातल्या गावात कुणीतरी डांबून ठेवलं होतं. तो सुटला का नाही, महिनाभर मला कळलं नाही. हे दमून यायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे.” ती थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू माझ्यासाठी खूप केलंस, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या घरी मी लग्न होईपर्यंत राहिले आहे. तिथे दिवसभर दुसरं काही ऐकू येत नाही. हा मूर्ख, तो आळशी, ती गबाळी. नाकानं कांदे सोलणं नुसतं. मला नाही ते ऐकायचं आता.”

लोकांना नावं ठेवतो ती काय हौस म्हणून? माणसं तशी असतात म्हणून ठेवतो. हे मी तिला सांगणार होतो. पण तेवढ्यात उस्तादानं उठून स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं, स्वतः उंबऱ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, “बसा, दादा. शेवटचाच डाव उरलाय.” असा मऊ आवाज माणूस आजाऱ्याशी बोलताना काढतो. त्याला माझी कीव येत होती. त्याला, माझी!

मी बसलो नाही. त्यानं घसा बसवून वाचायला सुरुवात केली. म्हातारा खेळाडू होता, दोन गोळे उरले होते आणि अड्ड्याचं दार बाहेरून कुणीतरी लावलं होतं. बहिणीच्या हातातली इस्त्री मंदावली. खरं तर कामावर जायची माझी वेळ होऊन गेली होती. उस्ताद पान उलटता उलटता थांबला आणि त्यानं विचारलं, “दादा, काही हवं होतं का?”

“माझा कोट टाकलाय ना इस्त्रीला,” मी म्हणालो. “तो झाला की घेऊन जातो. तुम्ही वाचा.”

कोट माझ्या अंगातच होता. बहिणीनं एकदा त्या कोटाकडे बघितलं आणि पुढचा शर्ट घेतला.