दुपारची वाफ

माझे सासरे आमच्या सोसायटीचे कायमचे अध्यक्ष होते. निवडणूक व्हायची, पण त्यांच्यासमोर उभं कोणी राहायचं नाही. सदाशिव पेठेतली तीन मजल्यांची साधी इमारत, तिचा कारभार मात्र ते किल्लेदाराच्या थाटात बघायचे. त्यांचा मुख्य कायदा एकच: दुपारी एक ते चार आवाज नाही. माझी मुलगी तान्ही असताना दुपारी रडायला लागली, की ते आमच्या खोलीच्या दाराशी येऊन नुसते खाकरायचे. मग मी ऐन मे महिन्यात तिला घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. हे मी विसरले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांची मुलगी कथक शिकायची. शाळा सकाळची, त्यामुळे रियाज दुपारीच. एक दिवस सासरे खाली गेले आणि घुंगरू बंद करून आले. पुढे तिचं नाचणंही सुटलं. मुख्याध्यापक तेव्हा काही बोलले नाहीत. आमच्याकडे माणसं अशा वेळी बोलत नाहीत, सांभाळून ठेवतात.

मग सासऱ्यांच्या छातीने दगा दिला. नोकरीभर ओढलेल्या सिगरेटींनी फुप्फुसांची पार चाळण केली होती. तोंडात फवारायच्या पंपाने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर ठेवायला सांगितलं. औषधाची छोटी कुपी फोडून मशीनच्या कपात ओतायची, मास्क तोंडावर चढवायचा आणि बटण दाबायचं, की औषध वाफेसारखं होऊन थेट छातीत जातं. आम्ही सगळे त्याला वाफच म्हणायचो. रोजची वाफ ठरल्या वेळी घ्यायची, आणि शिवाय दम लागला की ताबडतोब, त्यात चालढकल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीनची घरघर मात्र पिठाच्या गिरणीसारखी होती. जुन्या फरशीतून ती सरळ खाली जायची.

आणि दम नेमका दुपारच्या जेवणानंतर लागायचा.

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक वर आले. चहा नको म्हणाले. तब्येतीची अगदी आस्थेने चौकशी केली. मग म्हणाले, "अहो, आपणच केलेला नियम आहे, म्हणून फक्त कानावर घालतो. आमचं काय, आम्ही सवय करून घेऊ."

सासरे ताठ बसले. "नियम तो नियम. यापुढे होणार नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून घेतलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर दुपारी दम लागला, की सासरे पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसायचे आणि घड्याळाकडे बघत राहायचे. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठायच्या. ते बघताना माझं हसू कधी गेलं ते कळलं नाही, राग तेवढा राहिला. मी मशीनखाली गोधडी घातली, उशी घातली, मशीन गॅलरीत नेऊन पाहिलं. ते बटणाला हात लावू देईनात. नवऱ्याला खराडीच्या ऑफिसात फोन केला, तर म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, तू बाबांना समजावून सांग. जसं काही त्या घरात आजवर माझं कोणी ऐकत आलं होतं.

एका दुपारी त्यांचे ओठ निळसर झाले. बोलता येईना. मी त्यांना विचारत बसले नाही. रुग्णवाहिकेला फोन केला, औषध ओतलं, मास्क चढवला आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली आणि थोड्याच वेळात दारावरची बेल वाजली.

मुख्याध्यापक होते, बनियन-पायजम्यात, झोपमोड झालेल्या चेहऱ्याने. दारातून पलंग दिसत होता. त्यांनी पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. फक्त जरा लवकर आटपा."

माझ्या मागे घरघर थांबली. सासऱ्यांनी मास्क गळ्यात ओढून मशीन बंद केलं होतं आणि दाराकडे बघून हात जोडले होते. कपात औषध अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. मी पुन्हा बटण दाबायला गेले, तर त्यांनी त्यावर तळहात ठेवला. श्वास घ्यायला ताकद नव्हती, पण तो हात मला हलवता येईना. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले. मुख्याध्यापक खाली निघून गेले.

रुग्णवाहिका सायरन वाजवत गल्लीत शिरली. खुर्चीत बसवून खाली नेताना सासऱ्यांनी हात वर करून ड्रायव्हरला आवाज बंद करायची खूण केली. त्याला वाटलं, आजोबा निरोप घेताहेत. त्यानेही हात हलवला. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी होती. मुख्याध्यापकही होते, आता अंगात शर्ट घालून.

गाडीत ऑक्सिजन लावला. सासरे माझ्याकडे बघत होते आणि अजूनही श्वास चोरून घेत होते, कोणाला ऐकू जाऊ नये तसा. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"बाबा, सगळी पेठ उठलीय आता. घ्या मोकळा श्वास."

गाडी सिग्नलला अडकली होती, सायरन वाजतच होता. मोकळा श्वास त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही.